जपानमधला रोजचा बेन्तो : भात कडक होतो, भाजी गळते, आणि कामं दोघांत कशी वाटायची?

एदोगावाकाठ :
नमस्कार मंडळी. तोक्योत राहतो, घरात दोन डबे लागतात. धाकटी साडेचार वर्षांची, तिच्या योचिएनमध्ये, म्हणजे बालवाडीत, मंगळवारी आणि शुक्रवारी घरचा बेन्तो न्यावा लागतो. मोठा दुसरीत. एरवी त्याला शाळेचं जेवण, म्हणजे क्यूशोकु मिळतं, पण २० जुलैच्या सुमाराला सुट्टी लागली की ऑगस्टअखेरपर्यंत गाकुदोला, म्हणजे शाळेबाहेरच्या वेळेत मुलं सांभाळतात तिथे, रोज डबा. आम्ही दोघं नोकरी करतो. अंडं चालतं, मासे-मटण नाही.

अडचणी अशा : बासमतीचा भात दुपारपर्यंत टणक होतो आणि पोळी वातड. भाजीचं पाणी भातात उतरतं. त्सुयू, म्हणजे इथला पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा कोणते पदार्थ टाळायचे? आणि शेवटचं, पण आमच्यासाठी सगळ्यात मोठं : रात्री एकाने चिरून ठेवायचं आणि सकाळी दुसऱ्याने करून भरायचं असं ठरवलं आहे, तरी दिवसाआड काहीतरी राहतंच. तुमच्याकडे वाटणी कशी आहे?

कोमे आणि कणीक :
भाताचं आधी सांगतो, कारण निम्मा डबा तोच असतो. बासमतीत अमायलोज नावाचा स्टार्च जास्त असतो. त्यामुळे गरम असताना शीत न् शीत सुटं होतं, पण गार झालं की तोच स्टार्च आवळून बसतो आणि दाणा टणक होतो. जपानी तांदळात अमायलोज कमी, म्हणून तो गार खाल्ला तरी मऊ लागतो. बेन्तो या तांदळावरच उभा आहे. आपल्याकडचा आंबेमोहर किंवा इंद्रायणी मिळाला तर तोही बराच मऊ राहतो. बासमती रात्रीच्या जेवणाला ठेवा, डब्यात नको.

माप : १ गो म्हणजे १८० मिली, वजनाने १५० ग्रॅम कोरडा तांदूळ. शिजून साधारण ३३० ते ३५० ग्रॅम होतो. तुमच्या दोन्ही डब्यांना १ गो पुरतो आणि वर थोडा उरतो. पाणी २०० मिलीच्या आसपास, भिजवायचा उन्हाळ्यात अर्धा तास, थंडीत तासभर. शिजवलेला भात फ्रिजमध्ये कधीही ठेवू नका. ० ते ४ अंशांत स्टार्च सगळ्यात भराभर आवळतो. ठेवायचाच असेल तर गरम असताना प्लास्टिकच्या फिल्ममध्ये पातळ चपटा बांधून फ्रीझरमध्ये, आणि सकाळी मायक्रोवेव्हमध्ये पार वाफाळेपर्यंत गरम करून मग निववून भरायचा.

फोडणीचा भात लहान मुलीला देऊ नका. तेलामुळे शितं एकमेकांना धरत नाहीत आणि अर्धा भात मांडीवर सांडतो. फोडणी हवीच असेल तर १०० ग्रॅम भाताला पाव चमचा तेलाची करा, भातात कालवा आणि फिल्ममध्ये घट्ट दाबून छोटे ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, वळा.

पोळी : १०० ग्रॅम कणकेला ६५ ते ७० मिली कोमट पाणी आणि एक चमचा तेल, म्हणजे नेहमीपेक्षा सैल कणीक. रात्री मळून, वरून तेलाचा हात फिरवून, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवली तरी चालते. पोळी मोठ्या आचेवर पटकन भाजायची. मंद तव्यावर रेंगाळली की आतलं पाणी उडून जातं, वातड होण्याचं मुख्य कारण तेच. भाजल्यावर कपड्याखाली कोमट होऊ द्या, कोमट असतानाच गुंडाळी करून फिल्ममध्ये बांधा आणि दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापा. डब्यात फॉइलमध्ये गरम कोंडली तर खालची बाजू चिकट आणि कडा वाळलेल्या अशी निघते.

वाफ जाऊ दे :
आता सुरक्षिततेचं. जपानात सगळीकडे एकच त्रिसूत्री शिकवतात : जंतू लागू द्यायचे नाहीत, वाढू द्यायचे नाहीत, असतील ते मारायचे.

लागू न देणं म्हणजे भाताला आणि शिजलेल्या पदार्थाला उघडा हात लावायचा नाही. आपल्या त्वचेवर आणि विशेषतः बोटावरच्या जखमेत जो स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू असतो, त्याचं विष एकदा तयार झालं की पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून ओनिगिरी फिल्ममध्ये, आणि भरायला वेगळ्या स्वच्छ हाशी (जेवायच्या काड्या) किंवा चिमटा.

मारणं म्हणजे पदार्थाच्या मध्यभागी ७५ अंश, किमान १ मिनिट. अर्धकच्चं अंडं डब्यात नाहीच. कालची उरलेली भाजी फ्रिजमधून काढून थेट भरायची नाही, वाफ येईपर्यंत परतून घ्यायची.

वाढू न देणं हे सगळ्यात अवघड, आणि डबा बिघडतो तो बहुतेक इथेच. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते जागे होतात. गरम भातावर झाकण लावलं की वाफ झाकणाला लागून पाणी होते, थेंब खाली पडतात, आणि ओलावा अधिक ऊब असं जंतूंना हवं तेच आपण देतो. झाकण लावण्याआधी भात आणि पदार्थ हाताला पूर्ण गार लागले पाहिजेत. डब्यातच निवायला अर्धा तास जातो. स्टीलच्या ताटात बोटभर जाडीने पसरून पंख्यासमोर ठेवला तर दहा मिनिटांत निवतो.

त्सुयूपासून सप्टेंबरपर्यंत बर्फाची पिशवी (होरेइझाई) झाकणाच्या वर ठेवायची, डब्याखाली नाही. गार हवा खाली उतरते. १०० ग्रॅमची एक, उष्णतारोधक पिशवीसकट. याच महिन्यांत १ गो तांदळाला शिजवतानाच चहाचा एक चमचा व्हिनेगर घालतात, चव कळत नाही. उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) मधोमध ठेवला तर तो लागतो तेवढ्याच भाताला राखतो, तेव्हा बी काढून, कुस्करून सगळ्या भातात कालवा. मसालेभात किंवा मीठ किंवा शोयू (सोया सॉस) घातलेला कुठलाही भात रात्रभर टायमरवर लावू नका. साधा तांदूळसुद्धा उन्हाळ्यात फ्रिजमध्ये भिजवून सकाळी लावलेला बरा.

छोट्या टोमॅटोचा देठ काढून धुवा आणि पुसून पूर्ण कोरडा करा, देठाच्या खळग्यात घाण बसते. साडेचार वर्षांच्या मुलीसाठी टोमॅटो आणि द्राक्ष उभे चार तुकडे करूनच. गोल आणि गुळगुळीत वस्तू घशात बसते. अख्खे दाणे, काजू, फुटाणे तर मुळीच नाहीत : कडक कडधान्यं आणि सुकामेवा पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना देऊ नये, असं इथल्या ग्राहक विभागाचंच सांगणं आहे. दाण्याचं कूट घशात अडकत नाही, पण वर्गात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल असू शकतं, म्हणून आधी बाईंना विचारा.

चौकोनी तवा :
भाजी गळण्याबद्दल. आपल्या भाज्या पानात गरम वाढण्यासाठी केलेल्या असतात, बेन्तोतली भाजी पाच तास उभी राहण्यासाठी. काकडीची कोशिंबीर डब्यात चालत नाही. मीठ काकडीतलं पाणी ओढून काढतं, आणि दह्याला तर ऊन मानवत नाही. पण कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट पाणी पितं, ती युक्ती उचला. जपानी लोक तेच कुटलेल्या तिळाने करतात. १०० ग्रॅम पालक उकडून, मुठीत दोनदा घट्ट पिळून, त्यात टेबलस्पूनभर कुटलेले तीळ आणि चमचाभर शोयू. पिळण्यात कसूर झाली तर तीळसुद्धा वाचवत नाहीत.

भोपळा घ्या. इथला काबोचा आपल्या लाल भोपळ्यापेक्षा घट्ट आणि कमी पाणीदार असतो. २५० ग्रॅमच्या दीड सेंटिमीटरच्या फोडी, एक टेबलस्पून तेलात मोहरी, मेथीचे सात-आठ दाणे, तिखट अगदी चिमूटभर, तीन टेबलस्पून पाणी, झाकण ठेवून सहा-सात मिनिटं. मग झाकण काढून पाणी पार आटवा आणि ढवळू नका, मोडतात. ही भाजी फ्रीझरमध्येही टिकते.

तामागोयाकी म्हणजे अंड्याची वळकटी : २ अंडी, चहाचा एक चमचा साखर, चिमूट मीठ, एक टेबलस्पून कोम्बूचं (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं) पाणी, त्यातच बटाट्याचा स्टार्च (काताकुरिको) अर्धा चमचा विरघळवून. स्टार्चमुळे पाणी सुटत नाही. तीन थरांत गुंडाळा, शेवटी सगळ्या बाजू तव्याला दाबून आतपर्यंत शिजवा आणि गार झाल्यावरच कापा. कोम्बूचं पाणी १ लिटरला १० ग्रॅम, रात्रभर फ्रिजमध्ये. बाजारच्या दाशी (जपानी रस्सा) पावडरीत आणि भातावर भुरभुरायच्या फुरिकाकेत बहुतेक वेळा कात्सुओ मासा असतो, तेव्हा पाकीट वाचून घ्या.

अंड्याऐवजी बेसनाचं धिरडंही त्याच चौकोनी तव्यावर होतं. ५० ग्रॅम बेसन, १०० मिली पाणी, हळद, मीठ, ओवा. पहिला थर वरून कोरडा दिसायला लागला की गुंडाळा, थांबलात तर तडकतो. आणि कोथिंबीर वडी! बेन्तोसाठी हिच्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही : कोरडी, चौकोनी, गार खायला छान. २ वाट्या चिरलेली कोथिंबीर, १ वाटी बेसन, २ चमचे तांदळाचं पीठ. इथे कोथिंबीर छोट्या जुड्यांत महाग मिळते, तर निम्मी कोथिंबीर आणि निम्मा शुंगिकू (इथली एक वासाची पालेभाजी) किंवा पालक घ्या. २० मिनिटं वाफवायची, गार करून कापायची आणि फ्रीझरमध्ये.

भरण्याचा क्रम. आधी भात, एका बाजूला उतार ठेवून. मग मोठी वस्तू (वडी, वळकटी) उताराला टेकवून उभी. मग सिलिकॉनच्या वाट्यांत भाजी. उरलेल्या फटींत ब्रोकोलीचा तुरा किंवा गाजर. दुभाजक म्हणून कच्चं लेट्यूस उन्हाळ्यात नको, ते पाणी सोडतं. भरून झालं की झाकण लावून डबा आडवा-उभा धरून बघा. आत काही सरकलं तर अजून जागा आहे. मुलं दप्तर उभंच नेतात.

प्रमाणासाठी सोपा नियम : भात ३, प्रथिनं १, भाज्या २, जागेच्या हिशोबाने. असा गच्च भरलेला डबा जितक्या मिलीचा, साधारण तितक्याच किलोकॅलरी. मुलीला ३०० मिली, म्हणजे ९० ते १०० ग्रॅम भात. मुलाला ५५० मिली, १६० ते १८० ग्रॅम. सुरुवातीला मुलीचा डबा मुद्दाम थोडा कमी भरा. रिकामा डबा घरी आला की तिलाच हुरूप येतो.

एदोगावाकाठ :
किती नेमकं लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून आभार. एक शंका : फ्रीझरमधल्या वाट्या सकाळी तशाच गोठलेल्या ठेवल्या तर दुपारपर्यंत आपोआप सुटतील आणि बर्फाचं कामही होईल ना? दुकानातल्या काही पाकिटांवर तसं लिहिलेलं असतं.

वाफ जाऊ दे :
नाही, हे करू नका. ‘तसंच सुटू द्या’ लिहिलेले पदार्थ कारखान्यात जंतूंची मोजणी करून, तेवढ्यासाठीच बनवलेले असतात. घरच्या स्वयंपाकघरात ती खात्री देता येत नाही. घरची वाटी सकाळी ६०० वॉटवर ३० ते ४० सेकंद, वाफ दिसेपर्यंत, मग निववून डब्यात. बटाटा, उकडलेलं अंडं आणि तोफू गोठवू नका, स्पंजासारखे होतात. दोन आठवड्यांत संपवा आणि वाटीवर तारीख लिहा.

अर्धा अर्धा :
वाटणीकडे वळतो. तुमची पद्धत का फसते ते तुमच्याच वाक्यात आहे : एकाने चिरायचं, दुसऱ्याने भरायचं. मधल्या हस्तांतराला कोणीच धनी नाही. डबा म्हणजे फक्त चिरणं आणि भरणं नव्हे. योचिएनच्या पत्रकात या मंगळवारी डबा आहे की सहल आहे हे बघणं, अंडी संपलीत हे लक्षात ठेवणं, दप्तरातून डबा संध्याकाळीच काढणं, झाकणाची रबरी कड सोडवून धुणं, होरेइझाई परत फ्रीझरमध्ये टाकणं, हाशीची डबी, डब्याचा रुमाल धुऊन वाळवणं. जपानीत अशा कामांना ‘नामो नाकी काजी’ म्हणतात, नाव नसलेली घरकामं. नाव नाही म्हणून ती वाटणीच्या कागदावर येत नाहीत, आणि ज्याच्या लक्षात राहतात त्याच्याच गळ्यात पडतात. जपान सरकारच्या २०२१च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरांत घरकाम आणि मुलांचं मिळून बायकोचे दिवसाला ७ तास २८ मिनिटं भरले, नवऱ्याचे १ तास ५४ मिनिटं.

उपाय : काम तुकड्याने वाटू नका, अख्खं वाटा. मंगळवारचा डबा एकाचा, शुक्रवारचा दुसऱ्याचा, आणि ‘डबा’ म्हणजे आदल्या दिवशी पत्रक बघण्यापासून संध्याकाळी कड धुऊन डबा पालथा घालण्यापर्यंत सगळं. दुसऱ्याने त्यात मदत करायची नाही आणि सूचनाही द्यायची नाही. वडी जाड कापली, गाजर फुलासारखं कापलं नाही, हे बोलायचं नाही. खुर्चीवरून देखरेख चालू राहिली तर काम वाटलं जात नाही, फक्त हात वाटले जातात.

तिसरी शिट्टी :
वरच्या प्रतिसादाशी योचिएनच्या दोन दिवसांपुरती सहमत. पण सुट्टीतल्या रोजच्या डब्याला दिवसाआड मालक बदलला तर खरेदीचा गोंधळ होतो. एकाने बुधवारसाठी ठेवलेला पालक दुसरा मंगळवारी संपवतो. त्या सहा आठवड्यांसाठी थर पाडा. एकाकडे साठा : रविवारी दीड-दोन तासांत चार पदार्थ, प्रत्येकी सहा वाट्या, आणि आठवड्याची खरेदी. दुसऱ्याकडे सकाळ : भात, एक ताजी वस्तू, निववणं, भरणं. दर पंधरवड्याला अदलाबदल. हस्तांतर एकाच जागी ठेवा, फ्रीझरच्या दारावरच्या कागदावर : काय आहे, किती वाट्या, कुठल्या तारखेच्या. शेवटची वाटी काढणाऱ्याने तिथेच रेघ मारायची. तोंडी निरोप सकाळी साडेपाचला कोणाच्या लक्षात राहत नाही.

सकाळचं वेळापत्रक ७:१० ला निघणाऱ्या घरासाठी : ५:४५ ला भात शिजून तयार. लगेच ताटात पसरून पंख्यासमोर. ५:५० ते ६:०५ वळकटी किंवा धिरडं. ६:०५ ला वाट्या मायक्रोवेव्हमध्ये. ६:२० पर्यंत सगळं निवतं, ६:३० ला झाकण. पंख्याची पायरी गाळली की पुढचं सगळं पंधरा-वीस मिनिटांनी घसरतं आणि मग कोणीतरी गरम डब्यावरच झाकण दाबतं.

अर्धा अर्धा :
रोजच्या डब्यासाठी हे माझ्या पद्धतीपेक्षा बरं आहे, मान्य. फक्त धुण्याचं काम कुठल्या थरात ते स्पष्ट लिहा, नाहीतर तेच अनाथ राहील.

कागावाकर :
मुलांना विसरू नका. इथे कागावा प्रांतातल्या ताकिनोमिया प्राथमिक शाळेत २००१ साली मुख्याध्यापक ताकेशिता काझुओ यांनी ‘बेन्तोचा दिवस’ सुरू केला. पाचवी-सहावीची मुलं ऑक्टोबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा स्वतःचा डबा स्वतः करतात : काय करायचं ते ठरवणं, खरेदी, स्वयंपाक, भरणं, आवरणं, सगळं. पालकांनी हात लावायचा नाही, ही अटच आहे. मुलगा-मुलगी भेद नाही. पाचवी-सहावीच का, तर इथे गृहविज्ञान पाचवीपासून सगळ्यांना असतं. सुरी, शेगडी आणि मापं तिथे शिकलेली असतात. पुढे ही कल्पना देशभरातल्या शाळांनी उचलली.

तुमचा दुसरीतला मुलगा एवढं करणार नाही, पण तांदळाचं काम त्याचं होऊ शकतं. १ गोचा पेला काठोकाठ भरून सपाट करायचा, तीन पाण्यांनी धुवायचा, भांड्यातल्या रेघेपर्यंत पाणी भरायचं. पहिलं पाणी लगेच ओतायचं हे मात्र नीट शिकवा. कोरडा तांदूळ पहिलंच पाणी भराभर पितो आणि कोंड्याचा वास त्याबरोबर आत जातो. साडेचार वर्षांची मुलगी ब्रोकोलीचे तुरे चिमट्याने वाटीत ठेवू शकते आणि हाशीची डबी भरू शकते. घरी आल्यावर आपापला डबा सिंकमध्ये पाण्यात बुडवणं दोघांचं, आणि ते दप्तर ठेवण्याआधी.

मुलीच्या डब्याबद्दल आणखी एक. चारही बाजूंनी कुलूप लागणारं झाकण लहान बोटांना उघडत नाही, आणि बाई प्रत्येकाचा डबा उघडायला येऊ शकत नाहीत. वरून नुसतं बसणारं झाकण आणि रुंद रबर घ्या, आठवडाभर घरी तिलाच उघडू-लावू द्या. काही योचिएनमध्ये थंडीत डबे गरम करायचं कपाट असतं, त्यात ॲल्युमिनियमचाच डबा लागतो. तिथे फळ वेगळ्या छोट्या डबीत द्या, नाहीतर सफरचंदही गरम होतं.

एदोगावाकाठ :
कागद आजच फ्रीझरवर लावला. धुणं सकाळच्या थरात लिहिलं आहे, तांदूळ मुलाकडे. रबरी कडेला काळे ठिपके पडलेत, ते घासून जात नाहीत. कड बदलावी लागेल का?

वाफ जाऊ दे :
ती बुरशी आहे. टोकदार काडीने किंवा सुरीने कड काढू नका, रबराला चीर पडते आणि त्या चिरेत पुन्हा बुरशी बसते. बोथट बांबूची काडी किंवा चमच्याचं टोक वापरा. ऑक्सिजनवाला ब्लीच ४०-५० अंशांच्या पाण्यात विरघळवून कड अर्धा तास बुडवा, मग भरपूर पाण्याने धुवा. तरी ठिपके राहिले तर ते रबराच्या आत गेलेत, नवी कड घ्या. बऱ्याच कंपन्या कड सुटी विकतात, डब्याच्या तळाशी नमुना क्रमांक असतो. आणि रोज धुतल्यावर कड झाकणात परत बसवू नका. रात्रभर वेगळी वाळू द्या आणि सकाळी भरताना बसवा.